कोंबड्यांना शिवारातले किडे घालताय? आधी किडा कुठून आला ते बघा

मृगाच्या तोंडावर पहिला चांगला पाऊस झाला की शिवारात किड्यांचा सुकाळ होतो. दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा, कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे, बांधाच्या गवतात नाकतोडे. ज्यांच्या परसात चार-दहा कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी हा फुकटचा खुराक. पोरं डबा घेऊन किडे गोळा करतात, खुराड्यापुढं ओततात आणि कोंबड्या तुटून पडतात.

पण याच दिवसांपासून पुढं पोळ्या-दसऱ्यापर्यंत गावोगावी दुसरंही एक चित्र दिसतं. संध्याकाळी धडधाकट खुराड्यात गेलेली कोंबडी सकाळी पाय ताणून पडलेली असते. कुणी म्हणतं रोग आला, कुणी म्हणतं जनावर डसलं, कुणी म्हणतं नजर लागली. आदल्या दिवशी शेजारच्या वावरात फवारा झाला होता आणि कोंबड्या दिवसभर तिथंच चरत होत्या, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायामाणसांच्या हातात असतात. अंड्यांचे पैसे म्हणजे घरातल्या बाईचा स्वतःचा पैसा. पोरांची वही-पेन, किराण्याची उधारी, आजारपणातलं औषध त्यातूनच निघतं. पाच कोंबड्या एका रात्रीत गेल्या तर त्या घराचा महिन्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

किडे खाऊ घालणं चूक नाही, कोंबडीचं ते मूळचंच खाणं आहे. पण किडा कुठं राहत होता, काय खाऊन वाढला आणि कशानं मेला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो कोंबडीपुढं टाकू नये.

किड्यात असतं तरी काय?

ज्वारी, बाजरी, मका या धान्यांत प्रथिनं साधारण ९ ते १२ टक्के असतात. लहान पिल्लाच्या खाद्यात मात्र ती २० टक्क्यांच्या आसपास लागतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के. नुसत्या कण्या आणि भरडा घालून पिल्लं किरटी राहतात, पिसं नीट येत नाहीत, अंडी कमी पडतात, त्यामागं हे मोठं कारण आहे. नाकतोडे, रातकिडे यांच्यासारखा किडा वाळवून तपासला तर त्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रथिनं निघतात. म्हणून मोकाट चरणारी गावरान कोंबडी दाणा कमी मिळाला तरी तग धरते. कमी पडलेलं ती शिवारातून भरून काढते.

पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, ताज्या किड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळं डबाभर किड्यांतून हाती लागतं ते थोडंच. दोन, बहुतेक किड्यांत कॅल्शियम फार कमी असतं. एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. नुसत्या किड्यांवर आणि दाण्यावर ठेवलेली कोंबडी पातळ कवचाची अंडी घालू लागते, पुढं तिच्या हाडांतलं कॅल्शियमही कमी होतं. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफलं वेगळ्या भांड्यात कायम ठेवावीत. ज्या कोंबडीला गरज असते ती आपोआप टोचते.

सगळ्यात मोठा धोका: फवाऱ्यातला किडा

औषध मारलं की किडा लगेच मरत नाही. काही औषधांनी तो तासाभरात पडतो, काहींनी दोन-तीन दिवस लागतात. या मधल्या वेळात किडा सुस्त होतो, पानावरून खाली पडतो, उताणा होऊन पाय हलवत राहतो. पळणाऱ्या नाकतोड्यामागं धावण्यापेक्षा असा पडलेला किडा कोंबडीला सोपा. म्हणजे फवारलेल्या वावरात कोंबडी नेमके विषारी किडेच वेचून खाते. शिवाय किड्याच्या अंगावर औषधाचा थर असतो, पोटात फवारलेला पाला असतो. एका किड्यातलं विष थोडं, पण कोंबडी एक किडा खाऊन थांबत नाही.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही सोयाबीन, कापूस, तूर या पिकांवर नेहमी वापरली जाणारी औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करतात. कोंबडीची मज्जासंस्थाही त्यांनी तशीच बिघडते. चोचीतून लाळ गळते, मान आणि पाय थरथरतात, कोंबडीला उभं राहता येत नाही, पातळ हगवण लागते, श्वास अडकतो. जास्त मात्रा पोटात गेली तर काही तासांतच खेळ संपतो.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणावर इथं विसंबून चालत नाही. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तो त्रिकोण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो, कोंबडीसाठी वेगळा त्रिकोण नसतो. फिप्रोनील हे औषध तर कोंबडीच्या जातीतल्या पक्ष्यांना विशेष घातक आहे. म्हणून "हिरव्या त्रिकोणाचं औषध आहे, काही होत नाही" असं समजून कोंबड्या सोडू नयेत.

फवाऱ्याशिवाय आणखी चार ठिकाणी हे विष कोंबडीपुढं येतं.

आमिष: मक्यावर २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली. मोठ्या अळीसाठी जे विषारी आमिष सांगितलं जातं, त्यात १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ आणि १०० ग्रॅम थायोडीकार्ब असतं. कोंडा आणि गूळ म्हणजे कोंबडीसाठी मेजवानीच. हे आमिष मक्याच्या पोंग्यातच टाकायचं असतं. सांडलेलं, उरलेलं बांधावर राहिलं तर कोंबड्यांचा घात ठरलेला.

गोगलगायीच्या गोळ्या: २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन साफ केलं, तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घराघरांत आल्या. कोंबडी या गोळ्या दाणा समजून टिपते. गोळी खाऊन मेलेली गोगलगायही तिच्या पोटात जाता कामा नये.

दाणेदार औषधं: हुमणी आणि वाळवीसाठी मातीत टाकायची दाणेदार औषधं कोंबडीला खड्यासारखी वाटतात. कोंबडीला दात नसतात, दाणे दळायला ती बारीक खडे गिळतेच. फोरेटवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तरी गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी पिशवी पडलेली असेल तर ती कोंबड्या-पोरांच्या हाताला लागणार नाही अशी बाजूला ठेवावी आणि विल्हेवाट कशी लावायची ते कृषी सहायकाला विचारावं.

बीजप्रक्रिया केलेलं बियाणं: लाल-गुलाबी रंगाचं उरलेलं बियाणं अंगणात झटकू नये.

कोंबडी वाचली तरी अंडं सुटत नाही

मेलेली कोंबडी निदान दिसते तरी. थोडं-थोडं विष पोटात जाऊनही जी मरत नाही, तिची गोष्ट अवघड आहे. काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. अशी औषधं कोंबडीच्या अंगातल्या चरबीत साठतात आणि तिथून अंड्याच्या बलकात उतरतात. बलकात स्निग्धांश असतो, म्हणून.

२०१७ साली युरोपात हे साऱ्या जगानं पाहिलं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये पोल्ट्री शेडमधल्या गोचिडासारख्या लाल माइट किड्याचा बंदोबस्त करताना बेकायदा फिप्रोनील मिसळलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि बाजारातून लाखो अंडी काढून घ्यावी लागली. तिथं अंडी तपासणारी यंत्रणा होती म्हणून कळलं. गावरान अंडं मात्र खुराड्यातून थेट तव्यावर जातं आणि बहुतेक वेळा घरातल्या लहान पोरासाठी, बाळंतिणीसाठी, आजारी माणसासाठी जातं. गावरान म्हणून ग्राहक चार पैसे जास्त देतो, तो ते स्वच्छ आहे या भरवशावर. तो भरवसा कोंबडी कुठं चरते यावर टिकतो.

दुसरा धोका: किड्याच्या पोटातून येणारे जंत

औषध न मारलेल्या शिवारातला किडाही अगदी निर्धोक नसतो. कोंबडीच्या पट्टकृमींचं आयुष्य दोन घरांत चालतं. कोंबडीच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती मुंगी, भुंगेरा किंवा घरमाशी खाते. तिच्या पोटात कृमीची पुढची अवस्था तयार होते. तो किडा कोंबडीनं टिपला की दोन-तीन आठवड्यांत तिच्या आतड्यात पूर्ण वाढलेला पट्टकृमी तयार. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, कोंबडी खाऊनही वाळत चालली, अंडी घटली तर पट्टकृमीचा संशय घ्यावा.

झुरळातून कोंबडीच्या डोळ्यात राहणारा कृमी येतो. कोंबडी डोळा चोळते, पाणी गळतं, पापणीखाली बारीक धाग्यासारखं काहीतरी हलताना दिसतं. गांडूळ आणि गोगलगाय यांच्यातून श्वासनळीतला कृमी येतो, मग पिल्लं मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेतात.

यातून वाट काढायची तर हे चक्र तोडावं लागतं. उकिरड्यातले, खुराड्याखालचे, विष्ठेवरचे किडे मुद्दाम गोळा करून घालू नयेत, कारण कृमीची अंडी तिथंच असतात. बांधावरचा, गवतातला किडा त्या मानानं बरा. गांडूळ खताच्या बेडवर कोंबड्यांना चढू देऊ नये. तिथं त्यांची विष्ठा पडली तर गांडुळं घालणं धोक्याचं. गोळा केलेले किडे पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून घातले तर आतल्या कृमी मरतात.

इथं एक गफलत होऊ शकते. उकळल्यानं जंत मरतात, फवाऱ्याचं औषध जात नाही. फवारलेल्या वावरातले किडे उकळून, धुऊन, वाळवून काही उपयोग नाही. ते घालायचेच नाहीत.

जंताचं औषध किती आणि कोणतं द्यायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच ठरवावं. गोल जंतावर चालणारं प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालतंच असं नाही. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत, तेही तिथंच विचारून घ्यावं.

तिसरा धोका: मेलेल्या जनावरावरच्या अळ्या

शेण कुजवून त्यात अळ्या तयार करायच्या आणि कोंबड्यांना घालायच्या, असं काही ठिकाणी करतात. कुजलेल्या मांसावरच्या अळ्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. मेलेल्या कोंबडीत, उंदरात, माशांच्या घाणीत बोटुलिझमचे जिवाणू वाढतात आणि अतिशय जहाल विष तयार करतात. अळ्यांना त्या विषानं काहीच होत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठत राहतं. कोंबडीनं अशा थोड्या अळ्या खाल्ल्या तरी पुरे होतं.

लक्षणं काही तासांपासून दोन-एक दिवसांत दिसतात. आधी पाय लुळे पडतात, मग पंख लोंबतात, शेवटी मान जमिनीवर टेकते. कोंबडी शुद्धीवर असते, पण मान उचलता येत नाही. पिसं ओढली तर सहज हातात येतात.

म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकणं म्हणजे उरलेल्या कोंबड्यांसाठी सापळा लावणं. दोन-तीन फूट खड्डा खणावा, वर चुना टाकावा आणि कुत्रं उकरणार नाही असं पुरून टाकावं.

चौथा धोका: जातीनंच विषारी किडे

काही किड्यांना फवाऱ्याची गरजच नसते, ते मुळातच विषारी असतात. अशा किड्यांचा रंग बहुधा भडक असतो. लाल, पिवळा, नारिंगी आणि त्यावर काळे पट्टे म्हणजे मला खाऊ नका अशी पाटीच. मोकळी फिरणारी जुनी कोंबडी असा किडा टिपून टाकून देते. पण भुकेलं पिल्लू आणि खुराड्यात कोंडलेली कोंबडी डब्यातून ओतलेलं सगळं खाते. म्हणून निवडायचं काम माणसानं करायचं.

हिंगे: बाजरीच्या कणसावर, भेंडीच्या आणि कडधान्याच्या फुलांवर बसणारे, पाठीवर काळे-नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे. यांच्या अंगातल्या द्रवानं माणसाच्या कातडीवर फोड येतात. हातानं पकडू नयेत आणि कोंबडीला तर घालूच नयेत. रात्री दिव्यावरही येतात.

रुईवरचे किडे: रुईच्या झाडावर पिवळा-निळा रंगीत मोठा नाकतोडा असतो, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्याही असतात. रुईच्या चिकातलं हृदयावर परिणाम करणारं विष हे किडे आपल्या अंगात साठवतात. पोरांना हा नाकतोडा फार आवडतो, तोच आधी डब्यात येतो.

केसाळ सुरवंट: केसांनी तोंड आणि घसा सुजतो. गुळगुळीत अळी आणि केसाळ अळी यातला फरक पोरांना दाखवून ठेवावा.

काजवे: परदेशात हौसेनं पाळलेल्या सरड्यांना काजवे खाऊ घातल्यावर ते दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकांकडं आहेत. तिथले काजवे वेगळ्या जातीचे असले तरी ही जोखीम घ्यायचं कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ते भरपूर दिसतात, त्यांना झाडावरच राहू द्यावं.

याशिवाय कपाशीवरचे लाल ढेकूण, उग्र वासाचे किडे, गोम, विंचू, गांधीलमाशी हे वगळावेत. ओळखू न आलेला किडा सोडून द्यावा. दहा किडे कमी गेल्यानं कोंबडीचं काही बिघडत नाही.

मग किडे गोळा करायचे कसे?

वाळवी: पिल्लांसाठी सगळ्यात सोपी आणि मऊ. जुन्या मडक्यात ओलं शेण, कडब्याचे तुकडे, गोणपाटाची फाटकी चिंधी भरावी. बांधावर जिथं वाळवीची माती चढलेली दिसते, तिथं थोडं उकरून संध्याकाळी मडकं उपडं ठेवावं, वरून पाणी शिंपडावं. सकाळी मडक्यात वाळवी भरलेली असते. पिल्लांपुढं झटकावं, दहा मिनिटांत साफ. मोठं वारूळ फोडू नये, त्यात सापाचा मुक्काम असू शकतो. ज्या जागी वाळवीसाठी औषध ओतलेलं आहे, म्हणजे फळबागेची आळी, उसाची सरी, नव्या घराचा पाया, तिथली वाळवी घेऊ नये.

हुमणीचे भुंगेरे: पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या झाडावर पाला खायला जमतात. रात्री झाडाखाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवल्या की खाली पडतात. एरवी ते रॉकेलमिश्रित पाण्यात मारतात. कोंबड्यांना द्यायचे तर रॉकेल न घालता साध्या पाण्याच्या बादलीत टाकावेत आणि झाडावर औषध मारलेलं नाही याची खात्री करावी. एका कामात दोन गोष्टी होतात. कोंबडीला खुराक मिळतो आणि जमिनीत अंडी घालण्याआधी भुंगेरा संपल्यानं उसाच्या, सोयाबीनच्या मुळ्या वाचतात. भुंगेऱ्याची पाठ टणक असते, त्यामुळं लहान पिल्लांना देऊ नये. मोठ्या कोंबड्यांनाही उकळून, ठेचून थोडे-थोडे द्यावेत.

नांगरटीतल्या हुमणीच्या अळ्या: नांगरामागं कावळे, बगळे येतात तसं कोंबड्याही सोडता येतात. त्या वावरात आधीच्या हंगामात दाणेदार औषध पडलेलं असेल तर नको.

दिव्याचे किडे: बल्बखाली टोपलं ठेवून संध्याकाळी सात ते नऊ-दहापर्यंत बरेच किडे मिळतात. शेतातल्या प्रकाश सापळ्यात मात्र बहुधा रॉकेल किंवा औषध असतं, ते किडे कधीच घालू नयेत. कोंबड्यांसाठी वेगळा बल्ब आणि कोरडं भांडं ठेवावं. त्यातले हिंगे आणि भडक रंगाचे किडे वेचून टाकावेत.

नाकतोडे, रातकिडे: पहाटे दव असताना ते सुस्त असतात, तेव्हा बांधावरच्या गवतात जुन्या मच्छरदाणीच्या जाळीनं सहज मिळतात. दिवस वर आला की उड्या मारतात. पण दुपारी फवारलेल्या वावरालगत सुस्त पडलेला नाकतोडा दिसला तर त्याची सुस्ती दवाची नाही, औषधाची आहे असं समजावं.

या सगळ्यात साधा नियम एकच: मेलेला, उताणा पडलेला, लटपटणारा किडा उचलायचा नाही. चपळ, पळणारा, उडणारा किडाच डब्यात घ्यायचा. नियमाला एक अपवाद आहे. औषध अंगात असलेला किडाही सुरुवातीला पळत असतो. म्हणून शिवारात फवारणी चालू असलेल्या आठवड्यात किडे गोळा करणं पूर्ण थांबवलेलं बरं.

किती आणि कसे द्यायचे?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम दाणा खाते. किडे हे दाण्याच्या जागी नसून दाण्यासोबत द्यायचे. एका कोंबडीमागं लहान मूठभर पुरतात. पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत वाळवी किंवा बारीक चिरलेल्या मऊ अळ्याच द्याव्यात. अर्ध्या तासात संपतील एवढेच टाकावेत आणि उरलेले काढून घ्यावेत, नाहीतर तिथंच कुजतात. पाणी स्वच्छ ठेवावं. फवारणीची बादली, पंपाचं झाकण, औषधाचा रिकामा डबा कोंबड्यांच्या पाण्यासाठी कधीच वापरू नये, कितीही धुतला तरी.

आणि खुराक चांगला झाला म्हणून लसीकरण सोडू नये. किडे खाऊन मानमोडी टळत नाही.

कोंबडी पडली तर काय करायचं?

पहिलं काम, उरलेल्या सगळ्या कोंबड्या घरी आणून कोंडाव्यात आणि पुढ्यातलं खाणं काढून टाकावं. आजारी कोंबडी सावलीत वेगळी ठेवावी. लाळ गळणाऱ्या, मान टाकलेल्या कोंबडीच्या चोचीत दूध, तेल, तूप ओतू नये. ते श्वासनळीत जातं आणि तिथंच ती संपते. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. शेजारी काय फवारलं होतं ते विचारून औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्यावा. कोणत्या गटातलं औषध आहे हे वेळेत कळलं तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतो, नुसत्या अंदाजावर ते जमत नाही.

दुसरं, मरायला टेकलेली कोंबडी कापून खाऊ नये. "जाणारच आहे, वाया का घालवायची" म्हणून गावाकडं हे सर्रास होतं. विषबाधेची असेल तर तेच विष ताटात येतं आणि रोगाची असेल तर रोग घरात येतो. जगलेल्या कोंबड्यांची अंडी किती दिवस टाकून द्यायची तेही डॉक्टरांना विचारावं.

तिसरं, एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर विषबाधाच असेल असं धरून गप्प बसू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या अचानक मेल्या. नमुने तपासल्यावर तो बर्ड फ्लू निघाला. विषबाधा, मानमोडी आणि बर्ड फ्लू यातला फरक वरवर बघून घरी सांगता येत नाही. मेलेली कोंबडी उघड्या हातानं न धरता पिशवीत ठेवून डॉक्टरांना दाखवावी.

एकट्यानं जमणारं काम नाही

कोंबडीला बांध कळत नाही. आपण आपल्या वावरात फवारलं नाही म्हणून आपल्या कोंबड्या सुरक्षित, असं होत नाही. उपाय शेजारधर्माचा आहे आणि तो फुकटचा आहे. उद्या फवारणी आहे, आज आमिष टाकलंय, गोगलगायीच्या गोळ्या टाकल्यात, एवढा एक निरोप आदल्या संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा कोंबड्या असलेल्या घरी तोंडी दिला, तरी त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवता येतात. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही हे सांगता येईल.

घरात कोंबड्या सांभाळणारी बाई आणि फवारणी करणारा माणूस बहुतेक वेळा एकाच छपराखाली राहतात. तरी कोणतं औषध कधी मारलं हे तिला माहीत नसतं. खुराड्याच्या भिंतीवर खडूनं तारीख, वावर आणि औषधाचं नाव लिहून ठेवावं. लेबलवर फवारणी ते काढणी यातला जो कालावधी दिलेला असतो, तो पिकासाठी असतो. कोंबड्यांसाठी तेवढे दिवस ही कमीत कमी मुदत धरावी आणि तोवर त्या वावराकडं कोंबड्या सोडू नयेत. त्या काळात अंगणात दाणा आणि मडक्यातली वाळवी, एवढ्यावर त्यांचं भागतं.